दोन खिडक्या, एक कपाट

‘‘मॅडम, कधी उघडतो, कधी उघडत नाही.’’

माझ्या सबंध नोकरीत मला या एका वाक्याची जेवढी धास्ती वाटली, तेवढी कशाचीच वाटली नाही. मशीन जळालं म्हणून सांगा, उंदरानं वायर कुरतडली म्हणून सांगा, मी पदर खोचून उभी राहते. जे पूर्ण बंद पडतं, ते सापडतं. पण जे कधी चालतं आणि कधी चालत नाही, ते आपण बघायला गेलो की नेमकं चालतं आणि तक्रार करणारा माणूस उगाच खोटा ठरतो. दुखणारा दात डॉक्टरच्या दारात पोचल्यावर थांबतो, तसलाच प्रकार.

मी लातूरच्या एका तपासणी लॅबमध्ये सर्व्हर सांभाळायचे. आमच्या उदगीरच्या नातेवाइकांना मी ‘कंप्युटरमध्ये’ आहे एवढंच ठाऊक होतं. म्हणजे टायपिंग करते, असा त्यांचा समज. मीही तो कधी खोडून काढला नाही. लग्नाकार्यात सर्व्हर म्हणजे काय ते समजावत बसलं तर जेवण गार होतं.

पण इथं सांगायलाच हवं. आमची मुख्य लॅब लातूरला, मोठी शाखा नांदेडला, आणि उदगीर, कंधार, हिमायतनगर अशा गावांत एखाद्या गाळ्यात छोटी केंद्रं. तिथं रक्त नाहीतर गाठीचा तुकडा घ्यायचा, तो लातूरला यायचा, तपासला जायचा. पूर्वी रिपोर्टचा कागद न्यायला हिमायतनगरचा माणूस एसटीनं नांदेड गाठायचा आणि त्याचा दिवस जायचा. मग आम्ही रिपोर्ट मोबाईलवर द्यायला लागलो. मेसेज येतो, त्यातल्या निळ्या ओळीवर बोट ठेवायचं, की रिपोर्ट समोर. त्या निळ्या ओळीच्या मागं जे उभं असतं, ते माझं खातं.

तिथं दोन मशीन होती. त्यांना दोन खिडक्या म्हणा, एसटी स्टँडवर रिझर्वेशनच्या असतात तशा. दोन्ही खिडक्यांच्या मागं कपाट मात्र एकच, म्हणजे आणखी एक मशीन; ऑफिसात सगळे त्याला कपाटच म्हणायचे. सगळे रिपोर्ट त्या एका कपाटात. कोणत्याही खिडकीवर या, बाई मागं वळून त्याच कपाटातून तुमचा कागद काढून देणार. गर्दी झाली तर एका खिडकीवर ताण नको, म्हणून दारात एक वाटप करणारं मशीन ठेवलेलं. ते येणाऱ्याला सांगायचं, तू इकडं जा, तू तिकडं जा. एकदा एका मोबाईलला जी खिडकी दिली, तीच सहसा पुढंही द्यायची, अशी सोय मीच करून ठेवली होती. चांगल्या हेतूनं केलेल्या सोयी पुढं कशा गळ्यात येतात, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

दसरा झाला आणि तक्रारी सुरू झाल्या. कधी उघडतो, कधी उघडत नाही. मी लातूरला माझ्या टेबलावरून बघितलं, तर उघडायचा. मशीनवर नजर ठेवणारा दिवा हिरवा. खिडकी उघडी आहे का, एवढंच त्या दिव्याला विचारता येतं. मागं कपाट आहे का, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग मी आमच्या जमातीचा सगळ्यात जुना इलाज सांगितला. मोबाईल बंद करून चालू करा. कित्येकांना त्यानं गुण आला आणि माझी खात्री पटली की दोष लोकांच्या मोबाईलचाच आहे.

नांदेडच्या काउंटरवर शबाना नावाची मुलगी होती. भांडखोर, पण कामाला वाघ. तिनं फोन करून सुनावलं, ‘‘मॅडम, तुमी तिथं बसून हिरवा दिवा बघून राहिल्या, इथं लोक मला खाऊन राहिलेत. एकदा या अन् डोळ्यानं बघा.’’

गेले.

काउंटरसमोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, नीट बसवलेले केस, एका गालाला सूज. ते कंधारचे लक्ष्मणमास्तर. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँडही त्यांचाच होता. तोंडात महिनोन्‌महिने न भरणारा व्रण होता, त्याचा तुकडा आमच्याकडे तपासला गेला होता. शबानानं मला आत न्यायच्या आधीच ते उठले.

‘‘तुमीच का त्या मशीनच्या बाई?’’

मी हो म्हणाले.

‘‘मग मला खरं सांगा. पोराच्या मोबाईलवर माझा रिपोर्ट उघडलेला मी सोता बघितला. लांबून. पांढरा कागद दिसला. मी जवळ गेलो तसं म्हनला, बंद पडलं बाबा. आता माझ्या मोबाईलवर उघडतच न्हाई. हे बघा.’’ त्यांनी निळ्या ओळीवर बोट दाबलं. फाइल सापडत नाही, असं इंग्रजीत आलं. ‘‘कागद मागितला तर ही पोरगी म्हनती इथं बी उघडंना. बाई, मला येडं समजू नका. तुमी अन् माझ्या पोरानं मिळून काही ठरवलंय का?’’

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी म्हणाले, ‘‘मास्तर, मशीनमध्ये बिघाड आहे. तो मला अजून सापडलेला नाही, पण खरंच आहे.’’

‘‘मशीन माझ्यापुरतंच बिघडलंय व्हय?’’

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

ते चहाला गेले तेव्हा त्यांचा मुलगा आला. संतोष त्याचं नाव. नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी करायचा. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, ‘‘मॅडम, रिपोर्ट मी पाहिलाय. कॅन्सर हाय. हैदराबादला जबडा काढायचा म्हनून राहिलेत डॉक्टर. बाबाला मी सांगितलं, गाठ साधी हाय, लहान आप्रेशन हाय. तुमी समद्यांचे रिपोर्ट चालू करा. हा एक राहू द्या. आप्रेशन होईस्तोवर. लई उपकार होतील.’’

आमच्याकडे ही रीतच आहे. पेशंटला सोडून सगळ्या गावाला आजार माहीत असतो. डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, सोबत कोण आहे, त्यांना आत पाठवा. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. धीर खचू नये, एवढंच असतं. संतोषचे डोळे लाल झाले होते. बापावर जीव असल्याशिवाय असं कुणी एका परक्या बाईपुढं हात जोडत नाही.

पण मला राग आला, आणि तो फक्त त्याचा नव्हता. माझे वडील सोलापूरच्या दवाखान्यात होते तेव्हा मी लातूरला परीक्षा देत होते. घरच्यांनी मला कळवलं, साधा ताप आहे, तू पेपर नीट लिही. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. त्या परीक्षेत मला चांगले मार्क पडले. ते चांगले आहेत असं मला अजून वाटत नाही.

मी संतोषला म्हणाले, ‘‘एक फाइल बंद ठेवणं मला जमतं. पण मी ते करणार नाही. रिपोर्ट ज्याच्या तोंडातला आहे त्याचा आहे. बिघाड सापडला की तो उघडणार. मी तुम्हाला आधी फोन करीन. मशीननं सांगायच्या आत तुम्ही सांगा.’’

‘‘मॅडम, तुमाला काय जातंय सांगायला? आप्रेशनला न्हाई म्हनले तर? मग ती जिम्मेदारी कुनाची?’’

त्याचा आणि मास्तरांचा, दोन्ही प्रश्न सोबत घेऊन मी लातूरची बस धरली.

बसमध्ये शिवलिंगअप्पांचा फोन आला. अप्पा म्हणजे उदगीरचे स्टेशनरीवाले, वडिलांचे स्नेही. आमचं उदगीरचं केंद्र त्यांच्या दुकानाला लागून. त्यांची तक्रार अजब होती.

‘‘अगं, तुझ्या त्या रिपोर्टांपायी माझं गिऱ्हाईक पळायलंय! समदं उदगीर माझ्या दुकानात उभं हाय. कुनीतरी उठवलंय, अप्पांच्या मोबाईलवर रिपोर्ट उघडतो. कपाळावर भस्म हाय म्हून म्हनं! लोक आपापला मेसेज मला धाडायलेत, अन् मी वह्या-पेनं सोडून त्यांचे रिपोर्ट उघडायलोय.’’

मला हसू आलं. ‘‘अप्पा, सगळे उघडतात?’’

‘‘समदे कुठले! काही हटून बसतेत. मग सूनबाईच्या मोबाईलवर धाडतो. तिच्यावर ते बरोबर उघडतेत. आता तिच्या कपाळाला तर भस्म बी न्हाई.’’

मी सीटवर सरळ बसले. ‘‘आणि तुमच्या मोबाईलवर उघडतात ते सूनबाईंच्या मोबाईलवर उघडतात का?’’

थोडा वेळ फोनवर दुकानातला गलका ऐकू आला. अप्पा सुनेला हाक मारून करून बघत होते. मग म्हणाले, ‘‘न्हाई गं. माझ्यावर उघडतो तो तिच्यावर न्हाई, तिच्यावर उघडतो तो माझ्यावर न्हाई. आमचं सासरा-सुनेचं बाकीच्या गोष्टीत बी असंच हाय म्हन!’’

अप्पा हसत राहिले आणि माझ्यापुढं मात्र त्या दोन खिडक्या उभ्या राहिल्या. एकही रिपोर्ट हरवलेला नव्हता. प्रत्येक रिपोर्ट कुठंतरी होता, पण दोन खिडक्यांपैकी एकीतच. म्हणजे दोन्ही खिडक्यांच्या मागं आता एकच कपाट नव्हतं. आणि मी इतके दिवस त्या माणसांना रिचार्ज तपासा, मेमरी रिकामी करा, असलं ज्ञान देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेल्या गेल्या मी पहिली खिडकी उघडून आत डोकावले. तर काय! तिचा कपाटाशी संबंधच तुटलेला. कपाट सापडलं नाही, तर तिनं कुरकुरही केली नव्हती. स्वतःच्या पोटात त्याच नावाचा एक रिकामा खण होता, त्यातच नवे रिपोर्ट ठेवायला लागली होती. दुसरी खिडकी बिचारी नेहमीसारखी कपाटातून देत-घेत होती. नवा रिपोर्ट ज्या खिडकीतून आत गेला, त्याच खिडकीतून बाहेर येणार. दुसरीकडं विचारलं, तर नाही. मोबाईल बंद करून चालू केल्यावर ज्यांना गुण आला, त्यांना दारातल्या मशीननं नुसती दुसरी खिडकी दिली होती.

आमच्या ऑफिसची सगळी व्यवस्था बघणारे रंगनाथमामा दारात उभे होते. मी विचारलं, ‘‘मामा, खंडेनवमीला मशीन बंद केली होती का?’’ त्या दिवशी मी उदगीरला घरी होते.

‘‘हाव. साहेब म्हनले, पूजेला मशीन चालू नको, एक घंटा तरी इसावा पाहिजे. समदी बंद केली, पुसली, हळद-कुंकू लावलं. ते मधलं कपाट देवावानी दिसत होतं, म्हून मोठा झेंडूचा हार त्यालाच घातला.’’

‘‘आणि चालू करताना?’’

‘‘आरती व्हायची होती. हार काढायचा न्हाई म्हनले साहेब, अन् कपाटाचं बटन हाराखाली. मग म्हनलं, तोवर ही पहिली चालू करू. आरती झाली, हार काढला, कपाट चालू केलं, मग ही दुसरी.’’ बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. ‘‘बाई, माझ्या हातून काही झालं का?’’

काय सांगणार? पहिली खिडकी जागी झाली तेव्हा कपाट हाराखाली झोपलेलं. हाक मारली, ओ आली नाही, तिनं आपला संसार थाटला. मी मामांना म्हटलं, ‘‘तुमच्या हातून पूजा झाली, मामा. पुढच्या वर्षीही तुम्हीच करा. फक्त हार बटनाच्या वर घाला आणि कपाट आधी उठवा.’’

आता दुरुस्ती. कपाट पुन्हा जोडायला हुकमाची एक ओळ पुरे होती. पण यात एक खोच आहे, आणि ती ठाऊक नसल्यानं भल्याभल्यांनी फायली गमावल्या आहेत. कपाट जोडलं की ते बरोबर त्या खणाच्या तोंडावर येऊन उभं राहतं. खणातलं पुसलं जात नाही, झाकलं जातं. कुणाला दिसत नाही, कुणाला मागता येत नाही. म्हणून आधी खणातले सगळे रिपोर्ट बाहेर काढायचे, कपाटात ठेवायचे, मग जोडायचं.

खणातल्या यादीत मी एक नंबर शोधला. काल त्यांच्या मोबाईलवर इतका वेळ बघितला होता की तो पाठ झाला होता. लक्ष्मणमास्तरांचा रिपोर्ट तिथं होता. संतोषचा मोबाईल पहिल्या खिडकीवर, बापाचा दुसऱ्या खिडकीवर. मास्तरांचा संशय खरा होता आणि मशीनचा बिघाडही खरा होता.

मी खुर्चीत टेकून बसले. ही एक फाइल खणात राहून गेली असती, तर जगात कुणाला कळलं नसतं. मला काही करायचंही नव्हतं, फक्त एक गोष्ट करायची नव्हती. संतोष माझ्यापुढं हात जोडून उभा राहिलेला दिसत होता. जिम्मेदारी कुनाची, हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. ऑपरेशनला ते नाही म्हणाले असते, तर त्याचं पाप काही अंशी माझ्याही माथी आलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. धंद्याचा नियम सांगून त्यातून सुटता येत नाही.

मी संतोषला फोन केला. ‘‘दुपारपर्यंत उघडेल.’’

तो फक्त ‘‘बरं’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

मी सगळे रिपोर्ट हलवले. एकही मागं ठेवला नाही. कपाट जोडलं. आधी लातूरच्या, मग नांदेडच्या मशीनवरून उघडून बघितले. शबानानं कळवलं, ‘‘मॅडम, उघडून राहिले!’’ ऑफिसात कुणीतरी पेढे आणले. मी माझा तसाच टेबलावर ठेवला.

संध्याकाळी फोन आला तो मास्तरांचा.

‘‘बाई, उघडला बरं का.’’

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

‘‘आता तो इंग्रजीत. मला कुठं वाचायला येतंय! पोराच्या हातात मोबाईल दिला अन् म्हनलं, वाच. लई येळ खाली बघत बसला. मग वाचला. समदा वाचला. रडला बी. म्हनलं, रडू नको. मला काय झालंय ते मला व्रण आला तवाच कळलंय. तू माझ्याशी खोटं कामून बोलून राहिला, तेवढं कळत नव्हतं. बाई, मला रिपोर्ट वाचायचा नव्हता. पोरानं माझ्याम्होरं तो उघडावा, एवढंच पाहिजे होतं.’’

मला रडू आवरलं नाही. ते फोनवरून त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनीच विषय बदलला. मशीनला काय झालं होतं, म्हणून विचारलं. मी हाराची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले. सुजलेल्या गालामुळं हसू तिरपं आलं असणार.

‘‘खंडेनवमीला आमी बी वाद्यं पुजतो की. पन पुजून झाल्यावर एक गत वाजवल्याबिगर पेटीत घालत न्हाई. औंदा तोंड दुखतंय म्हून क्लॅरिनेट तशीच ठेवली.’’ मग म्हणाले, ‘‘आता वाजवून घेतो.’’

तेव्हा मला कळलं की रिपोर्ट झाकलेलाच राहिला असता, तर काय वाजवायचं राहून गेलं असतं. लहान ऑपरेशन आहे, या समजुतीवर ते हैदराबादला गेले असते आणि जागे झाल्यावर तोंडात क्लॅरिनेट धरायला जबडाच नसता. शेवटचं वाजवलं ते कोणतं, हेही त्यांना ठाऊक नसतं.

ऑपरेशनला त्यांनी नाही म्हटलं नाही. जायच्या आधी बँडच्या सगळ्या माणसांना कंधारला घरासमोर बोलावलं. पुढं कोण वाजवणार ते ठरवून दिलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींसाठी ज्या ज्या घरी शब्द दिला होता, तिथं निरोप धाडले. आणि मग खुर्चीवर बसून स्वतः वाजवलं. संतोषनं ते मोबाईलवर घेतलं आणि मला पाठवलं. वरात दारात आली की वाजवतात ती चाल. मधे दोनदा दम तुटतो, एकदा सूर घसरतो. मास्तर थांबतात, गाल चोळतात आणि घसरले तिथूनच पुन्हा उचलतात.

ऑपरेशननंतर ते काही काळ राहिले. बोलणं कळायचं नाही, पण बँडच्या पुढं हातानं ताल देत चालायचे, असं शबाना सांगायची. आता ते नाहीत. संतोष अजून दिवाळीला फोन करतो. त्या दिवशीच्या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून त्याला दिलेलं नाही आणि त्यानं पुन्हा विचारलेलंही नाही. लॅबमध्ये खंडेनवमीला अजून पूजा होते. रंगनाथमामा आधी कपाट उठवतात, मग खिडक्या, मग एक रिपोर्ट उघडून बघतात, आणि मगच नारळ फोडतात. ही रिपोर्ट उघडून बघायची रीत मास्तरांची आहे, हे तिथं आता कुणाला माहीत नाही.

मी निवृत्त झाले. दोन्ही खिडक्या, कपाट, सगळं दुसऱ्याच्या हाती दिलं. मास्तरांच्या वाजवण्याची ती फाइल तेवढी माझ्याकडे आहे. मोबाईल बदलला की आधी ती नव्यात घेते आणि नीट आली का ते तपासते. फाइलमध्ये काही बिघाड नाही. कधी मी ती उघडते, कधी माझ्यानं उघडवत नाही.